बंजारा कशिदा: तांड्यावरचा जुना कपडा ओळखायचा, घ्यायचा आणि जपायचा कसा?

इन्स्टाग्रामवर 'बोहो' किंवा 'ट्रायबल' असा हॅशटॅग टाकून बघा. कवड्या, आरसे, लोकरीचे गोंडे आणि दाट भरतकाम असलेल्या पिशव्या, पट्टे, उशांचे अभ्रे यांची रांगच लागते. त्यातल्या बऱ्याच वस्तूंखाली 'व्हिंटेज बंजारा' एवढंच लिहिलेलं असतं. कुठला तांडा, कुणी शिवलं, कशासाठी शिवलं, याचा पत्ता नाही.

हा कपडा परदेशातल्या संग्रहालयांत आणि महागड्या दुकानांत पोचलाय. पण तो जिथे तयार झाला, त्या वऱ्हाडात त्याच्याकडे 'आजीचं जुनं गाठोडं' म्हणूनच पाहिलं जातं. बुलढाणा जिल्ह्यात मेहकर, लोणार, सिंदखेडराजा या घाटावरच्या तालुक्यांत फिरलात तर गावांच्या नावापुढे 'तांडा' लागलेला दिसेल. ही बंजारा समाजाची वस्ती. या समाजाला कुठे लमाण, कुठे लंबाडी, कुठे सुगाळी म्हणतात. ते स्वतःला 'गोरमाटी' म्हणतात आणि घरात गोरबोली बोलतात.

बैल, मीठ आणि सुई

या कशिद्याचं रूप समजून घ्यायचं असेल तर आधी बंजारा समाजाचा धंदा समजून घ्यावा लागतो. हे लोक वाहतूकदार होते. हजारो बैलांच्या पाठीवर गोण्या लादून मीठ आणि धान्य एका मुलखातून दुसऱ्या मुलखात न्यायचं, या व्यवसायाला 'लदेणी' म्हणत. मोगलांच्या दख्खनच्या स्वाऱ्यांत सैन्याला धान्य पुरवणारेही हेच. ज्याचं घर वर्षातले आठ महिने चालत असतं, त्याच्याकडे लाकडी कपाट नसतं, भिंतीवरचं चित्र नसतं. जे काही सुंदर असेल ते घडी घालून बैलावर टाकता आलं पाहिजे किंवा अंगावर घालता आलं पाहिजे. त्यामुळे सगळी हौस कापडावर उतरली.

आणि ते कापड मजबूतच लागायचं. म्हणून जुन्या बंजारा वस्तू हातात घेतल्यावर पहिल्यांदा जाणवतो तो त्यांचा जाडपणा. दोन-तीन थर एकमेकांवर ठेवून, बारीक धावदोऱ्याने ते घट्ट शिवून, त्यावर पुन्हा भरतकाम केलेलं असतं. सजावट आणि मजबुती एकाच टाक्यातून साधलेली असते.

मग रेल्वे आली. मुंबईहून निघालेला ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वेचा फाटा मलकापूर, नांदुरा, शेगाव असा बुलढाण्याच्या उत्तर भागातून जात १८६७ मध्ये नागपूरला पोचला. १८७० मध्ये खामगावच्या कापूस बाजारासाठी जलंबहून वेगळा लोहमार्ग टाकला गेला. बैलाच्या पाठीवरचा माल वाघिणीत गेला आणि लदेणी बसली. पाठोपाठ १८७१ मध्ये गुन्हेगार जमाती कायदा आला आणि पुढे काही प्रांतांत बंजारा-लमाणांवरही त्याचा शिक्का बसला. तो कायदा रद्द व्हायला १९५२ साल उजाडलं. महाराष्ट्रात आज हा समाज विमुक्त जातींमध्ये मोडतो, त्यामागे हा इतिहास आहे. तांडे स्थिरावले, माणसं शेतीकडे आणि मजुरीकडे वळली. सुई मात्र आणखी बराच काळ चालू राहिली.

इथे एक बाजूची गोष्ट. वस्त्रांच्या बाबतीत बुलढाणा जिल्हा पूर्वी असा कोरडा नव्हता. मेहकरच्या मोमीन विणकरांची नोंद ब्रिटिशकालीन गॅझेटिअरमध्ये आहे. हे विणकर इतके सधन होते की गावाचा तट त्यांनीच बांधून दिला आणि तसा शिलालेख वेशीवर कोरला. मेहकरची धोतरं नावाजलेली होती. पेंढाऱ्यांच्या लुटीने आणि १८०३ च्या दुष्काळाने तो धंदा मोडला, उरलंसुरलं विलायती कापडाने संपवलं. मेहकरचं धोतर आज तुम्हाला कुठल्याही संग्रहात सहज सापडणार नाही. वापरातलं कापड असंच नाहीसं होतं. देऊळ पडलं तरी दगड उरतात, धोतराची चिंधी होते आणि चिंधीची वात.

काय काय शिवलं जायचं?

बाईचा पूर्ण पोशाख म्हणजे 'फेटिया' (घेरदार घागरा), 'कांचळी' (पाठ उघडी असलेली चोळी) आणि 'छांटिया' (डोक्यावरून घ्यायची ओढणी). फेटियाच्या कमरपट्ट्यावर सर्वांत दाट काम असतं. कांचळीवर आरसे, नाणी, कवड्या. केसांत 'घुगरी' आणि 'टोपली' हे चांदीचे लटकते दागिने, हातात कोपरापासून वरपर्यंत 'बलिया'. तांड्यागणिक नावं थोडी बदलतात, म्हणून वस्तू घेताना त्या घरचा शब्द विचारून लिहून ठेवावा.

पण संग्राहकांचा जीव अडकतो तो पोशाखापेक्षा छोट्या वस्तूंत. सुपारी-पैसे ठेवायची 'कोथळी' बघा. चौकोनी भरतकामाचं कापड घ्यायचं, तीन टोकं मध्यावर आणून शिवायची आणि चौथं टोक झाकणासारखं मोकळं सोडायचं, अगदी पाकिटासारखं. चेन नाही, बटण नाही, एक लांब दोरी गुंडाळली की झालं. डोक्यावर घागर ठेवण्यासाठी इंढोणी आणि तिला जोडलेला पाठीवर रुळणारा भरतकामाचा पट्टा. लग्नात वापरायचे रुमाल. बैलाच्या शिंगांचे आणि पाठीचे साज, कारण तांड्याच्या पुढे चालणाऱ्या बैलाचा मान मोठा.

मुलगी लहान असतानाच आईच्या आणि आजीच्या हाताखाली टाके शिकायची आणि लग्नात न्यायच्या वस्तू वर्षानुवर्षं जमवायची. त्यामुळे एका चांगल्या तुकड्यावर एका बाईच्या आयुष्याची काही वर्षं खर्ची पडलेली असतात. यावरून त्याची किंमत काय असावी, याचा अंदाज करा.

वऱ्हाडचा कशिदा वेगळा कसा?

बंजारा कशिदा म्हटलं की बहुतेकांच्या डोळ्यांसमोर कर्नाटकातलं काम येतं: लाल-निळं कापड, झगमगते आरसे, रंगीत गोंडे. तिथल्या संडूर भागाच्या 'संडूर लंबाणी भरतकामा'ला २०१० मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. संडूरच्या परंपरेत चौदा टाक्यांची नावं नोंदवलेली आहेत. किलन, वेले, बक्या, माकी, सूर्यकांती माकी, कांस, तेरा डोरा, कवडी, रेलो, गदरी, भुरिया, पोते, जोल्या, नाकरा. जुलै २०२३ मध्ये हंपीत जी-२० ची सांस्कृतिक बैठक झाली, तेव्हा तिथल्या साडेचारशेहून अधिक लंबाणी स्त्रियांनी केलेल्या १७५५ वस्तू एकत्र मांडून गिनीज विक्रमही केला गेला.

खानदेश, निमाड आणि वऱ्हाड या पट्ट्यातले जुने तुकडे मात्र स्वभावाने शांत असतात. आरसे कमी किंवा मुळीच नाहीत. जाडंभरडं सुती कापड, त्याच्या ताण्याबाण्याचे धागे मोजून घातलेले टाके, त्यातून उमटणारे चौकोन, शंकरपाळे, जिने आणि फुल्या. गेरू, तपकिरी, पिवळा, काळपट निळा असे मातकट रंग आणि काठाला कवड्यांची ओळ. पहिल्या नजरेत ते डोळ्यांत भरत नाही, फोटोत तर नाहीच नाही. पण हातात घेऊन दोन मिनिटं बघितलं तर लक्षात येतं की एकही चौकोन चुकलेला नाही, आणि छापलेला नमुना किंवा आखलेली रेघ कुठेच नाही. सगळं मोजमाप बोटांत आणि डोक्यात. माझ्या मते बंजारा कशिद्यातलं हेच सर्वांत कसबी काम आहे आणि नेमकं याचंच कौतुक कमी होतं, कारण ते स्क्रीनवर चमकत नाही.

म्हणूनच बुलढाण्याच्या तांड्यावरचा तुकडा 'संडूर' म्हणून विकणं चूक आहे आणि मशीनवर केलेली राजस्थानी-गुजराती पिशवी 'बंजारा' म्हणून विकणं ही तर सरळ फसवणूक.

जुना कसा ओळखायचा?

सगळ्यात आधी वस्तू उलटी करा. हाताच्या कामात मागच्या बाजूलाही दोऱ्याचा मार्ग दिसतो. गाठी, दोरा बदललेल्या जागा, थोडी असमान ओढ सापडते. मशीनच्या कामात मागे खालचा दोरा एकसारखा पळतो. पुष्कळदा मागची बाजू अस्तराने झाकलेली असते. विक्रेता अस्तर थोडं उसवून दाखवायला तयार नसेल तर तेही एक उत्तरच आहे.

नाणी असतील तर ती वाचा. भोकाचा तांब्याचा पैसा दिसला तर तो १९४३ ते १९४७ मधला. ॲल्युमिनियमचं तीन पैशांचं नाणं १९६४ पासूनचं. म्हणजे ते नाणं ज्यावर शिवलंय ती वस्तू त्या सालाच्या आधी पूर्ण झालेली नाही, किमान त्या जागेची शिवण तरी नाही. उलटा तर्क मात्र लावू नका. जुनं नाणं नव्या कापडावरही शिवता येतं आणि बाजारात ते सर्रास होतं.

आरसे बोटाने चाचपा. जुने आरसे फुगवलेल्या काचेच्या गोळ्यातून फोडलेले असत, त्यामुळे त्यांना किंचित बाक असतो आणि कडा ओबडधोबड असतात. अगदी सपाट, एकाच मापाचे, गुळगुळीत कडांचे गोल म्हणजे अलीकडचं काम. वजनच नसेल तर ते प्लास्टिक.

रंगाबाबत एक गैरसमज पक्का बसलाय की भडक म्हणजे नवं आणि फिकं म्हणजे जुनं. रासायनिक रंगांची सुरुवात १८५६ मध्ये झाली आणि आलच्या मुळांपासून मिळणाऱ्या लाल रंगाला पर्याय ठरलेलं कृत्रिम अलिझरिन १८६९ मध्ये आलं. म्हणजे शंभर वर्षांपूर्वीच्या तुकड्यातही रासायनिक रंग असू शकतो. 'शंभर टक्के नैसर्गिक रंग' असं छातीठोकपणे सांगणाऱ्यावर विश्वास ठेवण्याआधी दोनदा विचार करा. दोऱ्याची परीक्षा मात्र सोपी आहे. सुटलेला एक धागा जाळून बघा. सूत कागदासारखं जळून राख होतं, पॉलिस्टर वितळून त्याची कडक गोळी होते. पॉलिस्टर निघालं तर किमान तो दोरा तरी आजीच्या काळातला नाही.

वापराच्या खुणा नेमक्या जागी पडतात. कोथळीच्या घडीवर, कमरपट्ट्याच्या गाठीजवळ, इंढोणीच्या आतल्या बाजूला. कापड सगळीकडे सारखंच तपकिरी दिसत असेल तर ते बहुधा चहाच्या पाण्यात बुडवलेलं आहे.

आणि कडा तपासा. नक्षी मधूनच तुटली असेल, काठ दोनच बाजूंना असेल, तर तो एका मोठ्या वस्तूचा कापलेला भाग आहे. खरं दुखणं हेच आहे. एका फेटियाचे दहा तुकडे केले की दहा पिशव्या होतात, आणि अख्ख्या फेटियापेक्षा दहा पिशव्यांचा गल्ला मोठा होतो. एकदा कात्री चालली की तो पोशाख कसा नेसत, घेर किती होता, कुठलं काम कुठे बसत होतं, हे कुणालाच कळणार नाही. कापून केलेल्या नव्या वस्तू विकत घेऊ नका, एवढं एक पथ्य पाळलं तरी पुष्कळ.

हे बाजारात येतं कसं?

गरज आणि अनास्था अशा दोन वाटांनी. तरुण मुली साडी आणि ड्रेस घालतात. फेटिया-कांचळी निघते ती तीजेला, होळीच्या लेंगी नाचाला आणि लग्नाला, आणि त्यासाठीही आता तयार, हलकी, टिकल्या लावलेली कपडे मिळतात. जुनी जड वस्त्रं पेटीत पडून राहतात. मग दारावर येणारा फेरीवाला ती किरकोळ पैशांत किंवा भांड्यांवर घेऊन जातो. तिथून दोन-तीन हात बदलून ती मुंबई, अहमदाबाद, दिल्ली किंवा गोव्यातल्या हणजुणच्या बुधवारच्या बाजारात पोचतात. सत्तरच्या दशकात हिप्पींनी सुरू केलेल्या त्या बाजारात कर्नाटकातल्या लमाणी स्त्रिया स्वतः दुकानं लावताना दिसतात, ही त्यातल्या त्यात बरी बाजू.

विकणाऱ्या बाईला काय मिळालं आणि शेवटच्या गिऱ्हाइकाने काय दिलं, यात अनेक पटींचं अंतर असतं. तांड्यावर जाऊन थेट घेणारा संग्राहक हे अंतर कमी करू शकतो, पण तोही 'जुनं आहे, फाटलंय' म्हणत भाव पाडायला लागला तर त्याच्यात आणि फेरीवाल्यात फरक काय? लग्नातला पोशाख मागूच नये. घरात एकच वस्तू उरली असेल तर फोटो काढावा, तोही विचारून, आणि वस्तू तिथेच ठेवावी. ज्यांच्या हातात अजून टाका आहे अशा स्त्रियांना नवीन काम सांगावं आणि दिवसांच्या हिशेबाने पैसे द्यावेत. जुन्या तुकड्यासाठी झुरणाऱ्या संग्राहकांना हा सल्ला आवडत नाही, पण तांड्याला उपयोग याचाच आहे.

कायदा काय म्हणतो?

पुरावस्तू आणि कलानिधी कायदा, १९७२ नुसार शंभर वर्षांहून जुनी कलावस्तू ही पुरावस्तू ठरू शकते आणि ती देशाबाहेर नेण्याची खासगी व्यक्तीला मुभा नाही. परदेशातल्या भाच्याला 'आपल्याकडची भेट' म्हणून पणजीची कोथळी पाठवण्याआधी हे ध्यानात असू द्या.

दुसरा सापळा बलियांचा. जुन्या बलिया हस्तिदंताच्या असू शकतात. वन्यजीव संरक्षण कायद्याखाली हस्तिदंताची खरेदी-विक्री बेकायदेशीर आहे, वस्तू कितीही जुनी असली तरी. ऑनलाइन कुणी 'अँटिक आयव्हरी बँगल्स' दाखवत असेल तर तिथून निघून जा.

रोमा लोक आणि व्हॉट्सॲप

'युरोपातले जिप्सी म्हणजे आपले बंजारे' असा संदेश तुम्हालाही आला असेल. रोमा लोकांची भाषा भारतीय आर्य कुळातली आहे आणि त्यांचे पूर्वज साधारण हजार वर्षांपूर्वी भारतातून बाहेर पडले, इथपर्यंत भाषाशास्त्राचा आधार आहे. पण ते बंजारा समाजातूनच गेले, असं त्यावरून सिद्ध होत नाही. घेरदार घागरे दोन्हीकडे दिसतात म्हणून नातं जोडणं जरा घाईचं आहे.

बघायचं कुठे, वाचायचं काय?

बुलढाण्याला लागून असलेल्या वाशीम जिल्ह्यात, मानोरा तालुक्यातलं पोहरादेवी हे सेवालाल महाराजांचं समाधीस्थान आणि बंजारा समाजाचं मोठं तीर्थ. तिथे ५ ऑक्टोबर २०२४ रोजी बंजारा विरासत संग्रहालयाचं उद्घाटन झालं. नागपूरचं मध्यवर्ती संग्रहालय, म्हणजे आपलं अजब बंगला, १८६३ पासूनचं. पुण्यातलं राजा दिनकर केळकर संग्रहालय तर प्रत्येक होतकरू संग्राहकाने बघावंच. दिनकर केळकरांनी दिवे, अडकित्ते, वस्त्रं अशा रोजच्या वापरातल्या हजारो वस्तू एकट्याच्या हिमतीवर गोळा केल्या आणि १९७५ मध्ये राज्य सरकारच्या स्वाधीन केल्या. अहमदाबादचं कॅलिको म्युझियम (स्थापना १९४९) वस्त्रांसाठी देशात अव्वल मानलं जातं.

पुस्तकांत शार्लट क्वॉन आणि टिम मॅकलॉकलिन यांचं 'टेक्स्टाइल्स ऑफ द बंजारा' (२०१६) चित्रांसाठी उत्तम. रसेल आणि रायबहादूर हिरालाल यांच्या १९१६ च्या जमाती-जातींवरील चार खंडांत बंजारा पोशाखाचं वर्णन आहे, पण ते साहेबी नजरेचं आहे हे धरून वाचावं.

घरी आणल्यावर

धुऊ नका. मागच्या बाजूला एका कोपऱ्यात ओला पांढरा कापूस दाबून बघा, रंग उतरला तर पाण्याचा विचारच सोडा. धूळ काढायची असेल तर मऊ ब्रशने, किंवा तोंडाला जाळीदार कापड बांधलेल्या व्हॅक्यूम क्लीनरने, कमी जोरावर.

घडी घालून ठेवली की टाके घडीवरच तुटतात. धुतलेल्या, खळ नसलेल्या मांजरपाटात गुंडाळी करून ठेवा. आरसे-कवड्या असलेल्या वस्तू आडव्या, एकावर एक न रचता. प्लास्टिकची पिशवी नको, विदर्भाच्या पावसाळ्यात आत दमट होऊन बुरशी धरते. कडुलिंबाचा वाळलेला पाला कापडी पुरचुंडीत बांधून शेजारी ठेवता येतो, थेट कापडावर नाही, डाग पडतात. डांबरगोळ्या टाळा. कसर लागल्याचं दिसलं आणि वस्तूवर आरसे, कवड्या, धातू काही नसेल, तर हवा काढून बंद केलेल्या पिशवीत दोन आठवडे फ्रीजरमध्ये ठेवा आणि बाहेर काढल्यावर पूर्ण एक दिवस पिशवी न उघडता तशीच राहू द्या. भिंतीवर लावायचं असेल तर खिडकीसमोर नको. ऊन लागलं तर रंग विटायला थोडे महिनेही पुरतात.

आणि प्रत्येक वस्तूसोबत सुती कापडाची एक पट्टी टाचा, तिच्यावर पेन्सिलीने लिहा: वस्तूचं गोरबोलीतलं नाव, तांडा, तालुका, कुणी शिवलं, कुणी वापरलं, कधी आणि किती पैशांना घेतलं. टाचताना सुई कशिद्यातून नाही, अस्तरातून घाला.